‘निर्भीड’ या विशेषणाविरुद्ध

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम ज्यांनी काही वर्षे केले आहे, त्यांना एक विशेषण झोपेतही ओळखू येते. लेखक कोणताही असो, काळ कोणताही असो, प्रश्न कसाही विचारलेला असो, तिसऱ्या-चौथ्या ओळीत ते हजर होते. आगरकर निर्भीड, र. धों. कर्वे निर्भीड, दुर्गाबाई निर्भीड, बाबुराव बागूल निर्भीड. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. हे विशेषण त्यांनी आपल्याकडूनच उचलले आहे. जयंती-पुण्यतिथीची भाषणे, परिसंवादांतली समारोपाची वाक्ये, गौरवग्रंथांच्या प्रस्तावना यांतून आपण ते इतक्या सढळ हाताने वाटले आहे की त्याला आता वजनच उरलेले नाही.

विशेषण झिजले एवढीच तक्रार असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. भाषेत शब्द झिजतातच. माझा आक्षेप अधिक मुळाशी आहे. एखाद्या लेखकाला ‘निर्भीड’ म्हणताना आपण त्याचा गौरव करीत आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण स्वतःची सुटका करून घेत असतो. धैर्य हा काही थोड्यांना जन्मतःच मिळालेला गुण आहे, तो त्यांच्यात होता आणि आपल्यात नाही, सबब आपल्याकडून त्याची अपेक्षा करणे गैर आहे, असा एक संपूर्ण युक्तिवाद या तीन अक्षरांत दडलेला असतो. ‘अशी माणसे आता होणे नाही’ हे त्या युक्तिवादाचे ठरलेले शेवटचे वाक्य. त्यानंतर टाळ्या होतात आणि चहापान होते.

आधी शब्दाकडेच पाहू. ‘निर्भीड’मधला मूळ शब्द ‘भीड’ आहे, ‘भय’ नाही. हा भेद आपण मराठीचे शिक्षक असूनही विसरलो आहोत. समोरच्या माणसाला दुखवू नये, वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढू नये, चारचौघांत आपण आगाऊ ठरू नये, आपल्याविषयीचे चांगले मत बिघडू नये, अशा अनेक संकोचांची मिळून भीड होते. भिडेखातर आपण वर्गणी देतो, न आवडलेल्या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहितो, पटत नसलेल्या ठरावावर सही करतो. भय निराळे. भयात काहीतरी खरोखर जाण्याचा प्रश्न असतो: नोकरी, निवारा, अब्रू, जीव. ज्याला उद्या कामावरून काढले जाऊ शकते त्याला भय वाटते. ज्याचे नाव पुढच्या परिसंवादाच्या पत्रिकेतून गळू शकते त्याला भीड वाटते. दोन्ही भावना पोटात सारख्याच कालवाकालव करतात, पण त्यांची किंमत सारखी नसते.

आणखी एक गोष्ट. मराठीत भीड ‘नाहीशी’ होत नाही, ती ‘चेपते’. कापसाची नवी गादी रोजच्या बसण्याने हळूहळू चेपत जाते, तशी. गादी तिथेच असते, फक्त तिचा फुगवटा जातो. ‘निर्भीड’ हे विशेषण एक सिद्ध अवस्था सांगते. ‘भीड चेपणे’ हे क्रियापद एक प्रक्रिया सांगते, आणि त्या प्रक्रियेला सराव लागतो हेही सांगते. ‘धीर’ या शब्दाचा वापरही असाच आहे. धीर धरावा लागतो, एकवटावा लागतो, तो सुटतो, खचतो, दुसऱ्याला देता येतो. आपल्या भाषेला धैर्याचे स्वरूप आपल्या समीक्षेपेक्षा अधिक नेमके कळलेले आहे.

मग समीक्षेने क्रियापद टाकून विशेषण का उचलले? कारण क्रियापद हलक्या माणसांसाठी राखून ठेवलेले आहे. ‘तिची आता भीड चेपली आहे’ हे वाक्य आपण कोणाविषयी उच्चारतो ते आठवून पाहा. सासूला उलट उत्तर देणारी सून, साहेबांच्या खोलीत न विचारता शिरणारा शिपाई, वर्गात दुसऱ्यांदा प्रश्न विचारणारी मुलगी. त्या वाक्यात कौतुक नसते, नाराजी असते. थोरांचे धैर्य ते ‘निर्भीडता’ आणि धाकट्यांचे धैर्य ते ‘भीड चेपणे’, अशी ही वाटणी आहे. ती भाषिक आहे तितकीच सामाजिक आहे.

आता या विशेषणाने आपण आपल्या थोरांचे काय केले आहे ते पाहू. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला ५१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न त्याच व्यासपीठावरून मांडला, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले आणि पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. ही हकिकत आपण कितीदा ऐकली आणि ऐकवली आहे! पण ती सांगताना आपण तिच्यातला निर्णय काढून घेतो आणि स्वभाव तेवढा ठेवतो. जणू दुर्गाबाई निर्भीड होत्या, म्हणून पाऊस पडावा तशा त्या बोलल्या. प्रत्यक्षात त्यांच्या हाती एक स्थान आले होते. त्या स्थानावरून औपचारिक, विद्वत्तापूर्ण आणि निरुपद्रवी भाषण करून उतरण्याची पूर्ण मुभा त्यांना होती. त्यांनी त्या स्थानाचा उपयोग करायचे ठरवले. ‘ठरवले’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे, कारण लहानमोठे स्थान आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती असते. अभ्यासमंडळाचे सदस्यत्व, विभागाचे प्रमुखपद, निवड समितीतली एक खुर्ची. दुर्गाबाईंचा स्वभाव आपल्याला उसना घेता येणार नाही हे कबूल. पण स्थानाचा उपयोग करण्याचा निर्णय अनुकरणीय आहे. तो अनुकरणीय आहे म्हणूनच आपण त्याविषयी बोलत नाही.

र. धों. कर्व्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार आणि नोकरी यांतले एकच निवडण्याची वेळ आली तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते आणि तो खटलाही ते हरले. या सव्वीस वर्षांत महिन्यामागून महिना अंक निघत राहिला. याला आपण ‘निर्भीड वृत्ती’ म्हणतो. वृत्ती एखाद्या अंकाला पुरते. सव्वीस वर्षे अंक काढायला कागद, छपाई, वर्गणीदार आणि घरखर्च यांचे हिशेब लागतात. पत्नी मालतीबाईंसारखी जोडीदार लागते. हरल्यानंतर पुढचा अंक वेळेवर काढण्याची शिस्त लागते. कर्व्यांचे धैर्य हे गणिताच्या प्राध्यापकाचे धैर्य होते. परिणाम आधी मांडून पाहायचे आणि मग पाऊल टाकायचे. आपण त्यातली वेडसर जिद्द तेवढी गौरवली आणि हिशेब गाळला.

भिडेचा प्रामाणिक वृत्तान्त वाचायचा असेल तर रमाबाई रानड्यांकडे जावे लागते. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक आपण पतिनिष्ठेचा किंवा स्त्रीशिक्षणाचा दस्तऐवज म्हणून शिकवतो. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेल्या मुलीला नवरा शिकवू पाहतो आणि घरातल्या बायका त्या शिकण्याबद्दल तिला टोचून बोलतात. तिला दोन्हीकडची भीड आहे. ती एका दिवसात बंड करीत नाही. ऐकून घेते, गप्प बसते आणि पुन्हा पुस्तक उघडते. पुढे सभांतून बोलणाऱ्या, पुण्याच्या सेवासदनाचे काम उभे करणाऱ्या रमाबाई या रोजच्या, न दिसणाऱ्या सरावातून घडल्या आहेत. या पुस्तकाला कोणी ‘निर्भीड’ म्हणत नाही. माझ्या मते धैर्याविषयी त्याच्याकडून शिकण्यासारखे त्यामुळेच पुष्कळ आहे.

आणि भय? त्यासाठी बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ ही कथा. १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या संग्रहालाही हेच नाव आहे. रेल्वेतल्या नोकरीसाठी परमुलखात गेलेला एक तरुण. जात सांगितली तर राहायला खोली मिळणार नाही, म्हणून तो ती सांगत नाही. त्याच्याच समाजातला काशीनाथ हा दुसरा कामगार मात्र काहीही लपवत नाही आणि अपमान करणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. शेवटी निवेदकाचे बिंग फुटते, त्याला मार पडतो आणि काशीनाथ त्याला सोडवतो. आपली समीक्षा या कथेतल्या काशीनाथवर खूश असते. विद्रोह, नकार, आक्रमकता हे सगळे शब्द त्याला अंगरख्यासारखे बसतात. पण कथा काशीनाथ सांगत नाही. ती भ्यालेला माणूस सांगतो.

शीर्षकाचे व्याकरण पाहा. ‘लपवली’ असा शब्द नाही, ‘चोरली’ असा आहे; म्हणजे समाज ज्याला गुन्हा म्हणेल त्या गुन्ह्याचे नाव निवेदकाने स्वतःच उच्चारले आहे. ‘त्याने’ नाही, ‘मी’. आणि ‘चोरली’वर वाक्य संपत नाही, ‘चोरली होती’ असा पूर्ण भूतकाळ आहे. म्हणजे सांगणारा आता त्या चोरीच्या पलीकडच्या तीरावर उभा राहून बोलतो आहे. या कथेतले धैर्य शेवटच्या हाणामारीत शोधणे ही वाचनातली चूक आहे. कथेच्या आत भय आहे, आणि त्या भयाची कबुली प्रथमपुरुषी देण्यात धैर्य आहे. पुढे १९७८ मध्ये ‘बलुतं’ लिहिताना दया पवारांनी दगडू पवार आणि दया पवार अशा आपल्याच दोन रूपांना समोरासमोर बसवून बोलते केले, तेही याच जातीचे काम आहे. भय वाटत नाही असा दावा या लेखकांनी केलेला नाही. त्यांनी भयाचे नाव, पत्ता, कारण आणि किंमत लिहून ठेवली. आणि आपण त्यांना ‘निर्भीड’ म्हणून मोकळे झालो.

इथे माझ्या स्वतःच्या व्यवसायाकडे वळणे भाग आहे, कारण हा लेख दुसऱ्यांविषयी लिहिला तर तोही त्याच रोगाचा नमुना ठरेल. काही वर्षांपूर्वी विभागाच्या एका बैठकीत अंतर्गत मूल्यमापनासाठी निवडलेली एक कथा अचानक वगळण्यात आली. ‘फोन आला होता’ एवढेच कारण सांगण्यात आले. बैठकीला आम्ही पाच जण होतो. चौघे कायम, एक तासिका तत्त्वावर. फोन कोणाचा होता आणि आक्षेप कथेतल्या कोणत्या वाक्याला आहे, हा साधा प्रश्न त्या पाचव्याने विचारला. तासामागे ठरलेले मानधन, सुटीत शून्य, आणि दरवर्षी जूनमध्ये नव्याने वाट पाहणे अशा अटींवर काम करणाऱ्या माणसाने तो विचारला. आम्ही चौघे चहाच्या कपांकडे पाहत राहिलो. पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावणे आले नाही. कार्यभार कमी झाला आहे, असे सांगण्यात आले. त्या दोन गोष्टींचा संबंध होता असे मी सिद्ध करू शकत नाही. नव्हता असे स्वतःला पटवूही शकत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी म्हणाले होते, “काय करणार, भीती वाटते.” कशाची भीती? एक प्रश्न विचारल्याबद्दल मला कोणी नोकरीवरून काढणार नव्हते. पगार ठरल्याप्रमाणे जमा होणार होता. विभागप्रमुख मला ज्येष्ठ होते, माझ्या प्रबंधाच्या काळात त्यांनी मदत केली होती, त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटलेली मला पाहवली नसती. ती भीड होती, शुद्ध भीड. तिला मी ‘भीती’ म्हटले, कारण भीती म्हटले की सहानुभूती मिळते आणि भीड म्हटले की लाज वाटते.

मराठी अध्यापकांच्या बहुसंख्य मौनाचे हेच खरे वर्णन आहे असे मला वाटते. आपण आपल्या भिडेला भय म्हणतो. आणि ज्यांना खरोखर भय आहे त्यांना धीर धरण्याचा उपदेश करतो. बाजारात मिळणारी आत्मविकासाची पुस्तके हेच दुसऱ्या टोकाने करतात. भीतीवर मात करा, भीती हा मनाचा खेळ आहे, असे ती सांगतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची भीती हा मनाचा खेळ नाही. ती परिस्थितीचे अचूक वाचन आहे. खोली शोधणाऱ्या बागुलांच्या निवेदकाची भीती हा मनोविकार नव्हता. गावाने त्याच्याबद्दल काय ठरवून ठेवले आहे याचे ते पक्के ज्ञान होते. अशा भीतीवर ‘सकारात्मक विचार’ सुचवणे म्हणजे पुराचे पाणी घरात शिरलेल्या माणसाला पोहण्याचे फायदे सांगणे.

यावर कोणी म्हणेल की बागुलांचे भय आणि प्राध्यापकांच्या बैठकीतली कुजबूज यांना एका लेखात बसवणे हाच औचित्यभंग आहे. आक्षेप अर्ध्यावर बरोबर आहे. ती दोन्ही एका तागडीत घालता येणार नाहीत. म्हणूनच माझे म्हणणे असे की त्यांची किंमत वेगळी आहे हे उघड मान्य करावे आणि त्या फरकातून एक साधा नियम काढावा: ज्याला बोलण्याची किंमत सर्वांत कमी पडते, त्याने सर्वांत आधी बोलावे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. सर्वांत कमी सुरक्षित माणूस पहिला प्रश्न विचारतो, सुरक्षित माणसे त्याच्याकडे कौतुकाने पाहतात, बैठकीनंतर जिन्यात त्याचा हात दाबतात आणि पुढे त्याच्या निरोपसमारंभात, झालाच तर, त्याला निर्भीड म्हणतात.

दुसरा आक्षेप असा येईल की स्वभाव बदलत नाही. जो भिडस्त तो भिडस्तच. इथे मला क्रियापदाची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या घटनेनंतर दोनेक वर्षांनी तशाच स्वरूपाचा विषय पुन्हा निघाला. या वेळी मी आदल्या रात्री तीन वाक्ये कागदावर लिहिली. सकाळी दोन सहकाऱ्यांना ती वाचून दाखवली. एकाने मान डोलावली, एकाने विषय बदलला. बैठकीत माझा आवाज कापत होता, हे सर्वांच्या लक्षात आले असणार. मी वाक्ये वाचली आणि माझा मतभेद इतिवृत्तात नोंदवावा अशी विनंती केली. निर्णय बदलला नाही. मात्र त्यानंतर पाठ्य वगळण्याचे कारण लेखी देण्याची पद्धत आमच्या विभागात पडली. एवढेच झाले. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता त्याच्या तासिका मी त्याला परत देऊ शकले नाही, आणि ही नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही.

मला यात शौर्य दिसत नाही. पण एक गोष्ट दिसते. कापणाऱ्या आवाजाचा बंदोबस्त करता येतो. वाक्य आधी लिहून ठेवता येते, एकट्याने न जाता दुसऱ्याला सोबत घेता येते, मोठ्या निषेधाऐवजी लहान आणि नोंदवता येण्याजोगी मागणी करता येते, आणि हरल्यानंतर पुढच्या बैठकीलाही जाता येते. कर्व्यांचा पुढचा अंक आणि रमाबाईंचे पुन्हा उघडलेले पुस्तक यांत आपल्याला घेण्यासारखे आहे ते हेच. हे स्वभावाचे काम नाही, सवयीचे आहे. आणि सवय ही शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे. आपण तर शिक्षक आहोत.

म्हणून माझी सूचना अगदी शालेय वाटेल अशी आहे. ‘लेखकाची निर्भीडता स्पष्ट करा’ हा प्रश्न आपण प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा. त्याऐवजी विचारावे: या लेखनातला माणूस कशाला भितो? ती भीती आहे की भीड? तिची किंमत कोण मोजतो? आणि तिच्यासह तो काय करतो? हे प्रश्न विचारले की गौरवग्रंथांतली पाठ वाक्ये निरुपयोगी ठरतात, आणि विद्यार्थ्याला पुस्तकाकडे व स्वतःकडे पाहावे लागते.

गेल्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या चाचणीत बागुलांच्या कथेवर असा एक प्रश्न घातला. बऱ्याच जणांनी सवयीने काशीनाथवर लिहिले. एका मुलीने निवेदकावर लिहिले आणि शेवटी, न विचारता, चार ओळी स्वतःबद्दल जोडल्या. पहिल्या वर्षी वर्गात तिने एक वाक्य तिच्या गावच्या बोलीत उच्चारले होते, त्यावर वर्ग हसला होता आणि बाईही हसल्या होत्या; त्यानंतर दीड वर्ष ती वर्गात बोललीच नव्हती. त्या बाई मी होते. मला तो प्रसंग आठवतही नव्हता. ज्या भिडेविरुद्ध मी आता इतके तावातावाने लिहिते आहे, ती मीच, एका हसण्याने, तिच्या वाट्याला घातली होती. त्या चार ओळी तिने तिच्या बोलीतच लिहिल्या होत्या. मी ते उत्तर दोनदा वाचले. ‘निर्भीड’ हा शब्द त्यात एकदाही आला नव्हता.